ढालीचे व्याकरण

८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली आणि पाठोपाठ त्यांचे मानचिन्ह ख्रिस्ती नियतकालिकांत छापून आले. तिरपी दुभंगलेली ढाल. वरच्या निळ्या भागात शुभ्र लिली, खालच्या फिकट भागात मिटलेल्या ग्रंथावर बाणाने विंधलेले हृदय. आपल्यापैकी बहुतेकांनी ते चित्र पाहिले, संत ऑगस्टीनचे स्मरण केले आणि पान उलटले. परंतु अशा चित्राच्या मागे एक वाक्य उभे असते आणि जाणकारांच्या दृष्टीने ते वाक्य हेच खरे मानचिन्ह असते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी ध्यानात घेत नाही. युरोपात या वाक्यरचनेला ‘ब्लेझन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात या भाषेचा, तिच्या सामर्थ्याचा आणि तिच्या मौनाचाही विचार करावयाचा आहे.

बाराव्या शतकात पश्चिम युरोपातील सरदारांच्या ढालींवर वंशपरंपरेने चालणारी चिन्हे दिसू लागली. त्यांची नोंद ठेवण्याचे काम हेराल्ड या दरबारी सेवकांकडे आले आणि त्यांच्या तोंडी एक नेमकी भाषा घडत गेली. तिचे शब्द मुख्यतः जुन्या फ्रेंचमधले. सोन्याला ‘ऑर’, रुप्याला ‘आर्जंट’, तांबड्याला ‘ग्यूल्स’, निळ्याला ‘ॲझ्युर’, काळ्याला ‘सेबल’. इंग्लंडने ही भाषा स्वीकारली ती या शब्दांसह, आणि आजही तेथे ती तशीच लिहिली जाते.

तिचे व्याकरण कडक आहे. प्रथम ढालीच्या क्षेत्राचा रंग सांगावयाचा, नंतर मुख्य चिन्ह, त्याची स्थिती आणि त्याचा रंग, मग दुय्यम चिन्हे आणि शेवटी किनार. सोने व रुपे हे धातू, बाकीचे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, हा मूळ दंडक. दुरून, धुळीतही चिन्ह ओळखू यावे, एवढाच त्यामागचा व्यवहार. व्हॅटिकनच्या ढालीवर तांबड्या क्षेत्रात पेत्राच्या सोन्यारुप्याच्या किल्ल्या आहेत, त्या या दंडकाला धरूनच आहेत.

या भाषेला केवढे वजन होते, हे चौदाव्या शतकातील एका खटल्यावरून कळते. १३८५ साली स्कॉटलंडच्या मोहिमेत स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन घराण्यांच्या वीरांनी एकच ढाल मिरविली : निळे क्षेत्र, त्यावर सोन्याचा तिरपा पट्टा. वाद वर्षानुवर्षे चालला. साक्षीदारांत कवी जेफ्री चॉसरही होता. लंडनच्या एका रस्त्यावर हे चिन्ह टांगलेले पाहून आपण ते स्क्रोपचे समजलो, पण ते ग्रोव्हनरचे आहे असे उत्तर मिळाले आणि ते नाव आपण तेव्हा प्रथमच ऐकले, अशी साक्ष त्याने १३८६ मध्ये दिली. अखेर निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. इंग्रजी काव्याचा जनक चार शब्दांच्या वर्णनासाठी न्यायासनापुढे उभा राहतो, हे दृश्य साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये असे आहे.

या भाषेचा सर्वांत मनोज्ञ विशेष म्हणजे तिची उजवी-डावी बाजू. ती पाहणाऱ्याची नसते, ढाल धरणाऱ्याची असते. म्हणजे आपल्याला डावीकडे दिसणारी बाजू ब्लेझनमध्ये उजवी ठरते. वाचकाला आपली जागा सोडून ढालीमागच्या माणसाच्या जागी उभे राहावे लागते. पोप जॉन पॉल दुसरे यांचे मानचिन्ह असे वाचून पाहावे. निळे क्षेत्र, त्यावर सोनेरी क्रूस, त्याचा उभा दांडा धारकाच्या उजवीकडे सरकविलेला, खाली डाव्या बाजूस सोनेरी ‘एम’ हे अक्षर. ढालीवर अक्षर घेऊ नये, असा या विद्येतील जाणकारांचा सर्वसाधारण संकेत आहे आणि त्या दृष्टीने हे चिन्ह सदोषच म्हणावे लागेल. पण क्रूस बाजूला सरकवून त्याच्या छायेत मरियेला जागा करून दिली आहे, हे एकदा उमगले की दोष दोष राहत नाही. कालवरीवर माता जेथे उभी होती, तेथेच ते अक्षर उभे आहे.

चित्रापेक्षा शब्द श्रेष्ठ का, याचे एक ताजे उदाहरण आहे. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांचे मानचिन्ह प्रथम जाहीर झाले, तेव्हा त्यातील मरियेचा तारा पाच टोकांचा होता. काही दिवसांतच तो आठ टोकांचा झाला. शेजारचे संत योसेफचे जटामांसीचे फूल तर अनेकांना द्राक्षांचा घोस वाटले. चित्र असे फसविते. वर्णनात टोकांची संख्या आणि फुलाचे नाव असले, म्हणजे कोणत्याही चित्रकाराने कोणत्याही शैलीत काढले तरी चिन्ह तेच राहते. चित्र बदलते, वाक्य टिकते.

शब्दाला पूरक अशी आणखी एक सोय एका येशूसंघीय धर्मगुरूंनी रूढ केली. दगडावर वा छापील पानावर रंग कसा दाखवावयाचा? सिल्व्हेस्त्रो पिएत्रासांता यांनी १६३८च्या आपल्या ग्रंथात त्यासाठी रेघांची पद्धत वापरली. उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोने, कोरी जागा म्हणजे रुपे. ही लिपी आजही चालते.

ही भाषा परकी असली तरी तिची वृत्ती आपल्याला परकी नाही. उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या लेखांत ‘सुवर्णगरुडध्वज’ हे बिरुद लावीत. रंग, चिन्ह आणि ते कशावर आहे, हे तिन्ही एका समासात! गोव्याचे कदंब सिंहाचे ‘लांछन’ मिरवीत. लांछन म्हणजे तेव्हा केवळ खूण. आज मराठीत तो कलंक झाला आहे. तेव्हा मराठीला ब्लेझन जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. ‘निळ्या क्षेत्रावर सोनेरी तिरपा पट्टा’ या शब्दांत मूळ वाक्याचे काहीही हरवत नाही.

आता या भाषेच्या मौनाकडे वळू. ब्लेझन काय आहे ते सांगते, का आहे ते कधीच सांगत नाही. जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याच्या ढालीवर रुप्याच्या क्षेत्रात सोन्याचे पाच क्रूस आहेत. धातूवर धातू आणून नियम उघड मोडला, तो पाहणाऱ्याने कारण विचारावे म्हणून, असे म्हणतात. भाविकांनी त्या पाच क्रूसांत ख्रिस्ताच्या पाच जखमा पाहिल्या. पोर्तुगालच्या राजढालीवरील पाच निळ्या लहान ढालींतही त्याच जखमा पाहिल्या गेल्या. मात्र त्याच ढालीच्या तांबड्या किनारीवर सोन्याचे किल्ले आहेत.

ही ढाल आपल्याला केवळ पुस्तकातून माहीत आहे असे नाही. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या चर्चमध्ये जमिनीतल्या थडग्यांवर घराण्यांच्या ढाली कोरलेल्या आहेत. पावसाने आणि पावलांनी त्या झिजल्या. रंग तर नाहीतच. तेथे उभे राहिल्यावर प्रश्न पडतो : या ढालीतून आपण जखमा वाचावयाच्या की किल्ले? आपल्या पूर्वजांना श्रद्धा लाभली ती याच ढालींच्या सावलीत, आणि सत्तेचा जाच झाला तोही त्याच सावलीत. एक वाचन पुसून दुसरे ठेवणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नव्हे. ढालीवर जखमा आणि किल्ले शेजारी शेजारी आहेत. वर्णन करणाऱ्याने दोन्ही सांगावेत आणि अर्थाची जबाबदारी वाचणाऱ्याने घ्यावी.

ख्रिस्तसभेने या युद्धविद्येतून युद्ध कमी करीत आणले, हे मात्र मान्य करावे लागते. धर्माधिकाऱ्यांच्या ढालीवर सहसा शिरस्त्राण नसते, त्याजागी गोंड्यांची टोपी येते : बिशपांची हिरवी, दोन्ही बाजूंस सहा सहा गोंडे, आर्चबिशपांची हिरवीच, पण दहा दहा, कार्डिनलांची तांबडी, पंधरा पंधरा. १९६९च्या एका आदेशाने बिशपांच्या ढालीवरील मुकुट व दंडही काढून टाकले. डामडौल ओसरला, पण वाक्य राहिले.

शेवटी एक साधा अनुभव. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी तिचे बोधचिन्ह हवे होते. जुन्या शिक्क्यात दिवा होता, गणवेशावरच्या बिल्ल्यात मशाल, फलकावर नुसती ज्योत. क्षेत्र निळे की तांबडे, हे कोणालाच सांगता येईना. चित्रे चार होती, वाक्य एकही नव्हते. अखेर छापखान्यातल्या मुलाने ठरविले ते चिन्ह झाले. संस्थापकांनी त्या ढालीवर काय लिहिले होते, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

आपल्या धर्मग्रामांची, शाळांची, संस्थांची चिन्हे आहेत. प्रत्येकीने आपल्या दप्तरात मराठीतील एक वाक्य नोंदवून ठेवावे : क्षेत्र कोणते, चिन्ह कोणते, रंग कोणता, कोठे आणि किती. त्याखाली, हवे असल्यास, ‘का’ तेही लिहावे. ब्लेझनने जे आपल्यापुरते वर्ज्य मानले, ते आपण वर्ज्य मानण्याचे कारण नाही.