बारा आठवड्यांचे अपुरे गणित

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन ग्रामीण तालुके. येथील कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात शरीरसौष्ठव स्पर्धेचा विषय काढला, तर मागच्या बाकांवरची मुलेही मान वर करतील. ‘तालुका श्री’, ‘जिल्हा श्री’ अशा नावांच्या स्पर्धा महाराष्ट्रात सणा-उत्सवांच्या निमित्ताने होत असतात. त्यांच्या आगेमागे एक तक्ता फिरत असतो. पूर्वी तो व्यायामशाळेच्या भिंतीवर चिकटवलेला असे, आता मोबाईलवरून हातोहात जातो. मथळा बहुधा ठरलेला: ‘बारा आठवड्यांत स्पर्धेची तयारी’. एका रकान्यात आठवडे, दुसऱ्यात आहार, तिसऱ्यात व्यायाम आणि खाली एकाच माणसाची दोन छायाचित्रे, ‘आधी’ आणि ‘नंतर’.

एखाद्या पाठ्यपुस्तकात आहाराविषयी चुकीचे वाक्य छापून आले, तर आपण शिक्षक लगेच त्याची चर्चा करतो. हा तक्ता मुले पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक विश्वासाने वाचतात आणि अमलातही आणतात. म्हणून त्याचेही परीक्षण व्हायला हवे असे आम्हाला वाटते.

तक्त्यात चांगले काहीच नाही असे नाही. ठरलेल्या वेळी व्यायाम, विश्रांतीचा वार आणि केलेल्या कामाची नोंद या तीन गोष्टी तो शिकवतो. पण ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा तो दावा करतो, त्या ‘किती दिवस?’ या प्रश्नाचे त्याचे उत्तर मात्र तपासणीत टिकत नाही.

दिलेले काय, काढायचे काय?

गणिताच्या तासाला आपण मुलांना आधी ‘दिलेले काय आणि काढायचे काय’ हे लिहायला लावतो. तक्त्यालाही तेच विचारू. काढायचा आहे तो काळ. त्यासाठी निदान तीन गोष्टी ठाऊक हव्यात: आज शरीरात चरबी किती आहे, ती किती उरवायची आहे आणि आठवड्याला किती वजन घटवणे सुरक्षित आहे. तक्ता यांतले काहीच विचारत नाही आणि उत्तर मात्र छापून ठेवतो: बारा.

एक उदाहरण घेऊ. दोन तरुण आहेत, दोघांचेही वजन ६० किलो. पहिल्याच्या शरीरात २० टक्के, म्हणजे १२ किलो चरबी आहे. दुसऱ्याच्या शरीरात १२ टक्के, म्हणजे ७.२ किलो. दोघांनाही ती ६ टक्क्यांवर आणायची आहे आणि चरबीव्यतिरिक्तचे वजन जसेच्या तसे राखायचे आहे. पहिल्याचे चरबीरहित वजन ४८ किलो. हे ९४ टक्के म्हणजे त्याचे अंतिम वजन सुमारे ५१ किलो आले. त्याला ९ किलो घटवायचे आहेत. दुसऱ्याचे चरबीरहित वजन ५२.८ किलो, अंतिम वजन सुमारे ५६.२ किलो आणि घट ३.८ किलो.

आता वेग. निषिद्ध द्रव्ये न घेणाऱ्या स्पर्धकांविषयीचे उपलब्ध संशोधन हेल्म्स, अ‍ॅरागॉन आणि फिट्शन यांनी २०१४ साली एकत्र मांडले. दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढीच घट असावी, म्हणजे स्नायू टिकतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपण मधला ०.७ टक्का धरू. या वेगाने पहिल्याला सुमारे २३ आठवडे लागतील, तर दुसऱ्याला साडेनऊ. तक्ता एकच, वजन एकच, पण उत्तरे जवळजवळ अडीचपट दूर! बारा हा आकडा दोघांपैकी एकाचाही नाही.

पहिल्याने हट्टाने बाराच आठवड्यांत काम उरकायचे ठरवले, तर त्याला आठवड्याला सुमारे १.३ टक्का वजन घटवावे लागेल. अशा घाईचे काय होते, हे नॉर्वेतील संशोधक इना गार्थे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तपासले. निवडक खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाने आठवड्याला ०.७ टक्का आणि दुसऱ्याने १.४ टक्का वजन घटवायचे होते. दोन्ही गट वजने उचलण्याचा व्यायाम करत होते. सावकाश जाणाऱ्यांचे चरबीरहित वजन सुमारे २ टक्क्यांनी वाढले, घाई करणाऱ्यांचे मात्र वाढले नाही. स्पर्धा स्नायूंची आणि घाईत गमवायचे तेही स्नायूच!

हाच हिशेब तांदळात मांडला तर मुलांना लवकर कळेल. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० उष्मांक साठलेले असतात. आठवड्याला ४०० ग्रॅम घट म्हणजे रोज ४४० उष्मांक कमी, म्हणजेच सुमारे सव्वाशे ग्रॅम कच्च्या तांदळाएवढे. बारा आठवड्यांच्या घाईत ही तूट रोज सव्वादोनशे ग्रॅम तांदळाच्या पुढे जाते. हे गणितही ढोबळच आहे. अन्न कमी झाले की शरीरही आपला खर्च आखडते, त्यामुळे प्रत्यक्षात काळ वाढतो, कमी होत नाही.

घडवणे वेगळे, दाखवणे वेगळे

तक्त्याचा दुसरा दोष अधिक खोल आहे. तो दोन वेगळी कामे एकाच मापाने मोजतो. आहार कमी करून चरबी घटवणे हे असलेले स्नायू दाखवण्याचे काम आहे. ते आठवड्यांत मोजता येते. स्नायू घडवण्याचे काम वर्षांत मोजावे लागते. नवशिक्याला पहिल्या काही आठवड्यांतच जास्त वजन उचलता येऊ लागते आणि त्याला वाटते, स्नायू वाढले. मोरितानी आणि डीव्ह्राइस यांनी १९७९ सालीच दाखवून दिले, की सुरुवातीची ही ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावते म्हणून वाढते. स्नायूंची जाडी त्यानंतर, सावकाश वाढते. ज्याने काही घडवलेलेच नाही, त्याने बारा आठवडे उपाशी राहून दाखवायचे तरी काय?

या संदर्भात या खेळाचा आरंभ आठवण्याजोगा आहे. युजेन सँडो या प्रसिद्ध बलदंडाने १८९८ साली इंग्लंडमध्ये एक मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा जाहीर केली. परगण्या-परगण्यांतून निवड होत होत अंतिम फेरी १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल परीक्षकांपैकी एक होते. जाहीर झाल्यापासून तीन वर्षे! आणि गुण कशाला? केवळ स्नायूंच्या आकाराला नव्हे, तर शरीराच्या प्रमाणबद्धतेला, एकंदर प्रकृतीला आणि त्वचेच्या स्थितीलाही. बारा आठवड्यांच्या तक्त्यात ‘प्रकृती’ हा रकानाच नाही.

छायाचित्रांचा पुरावा

तक्ता पटतो तो आकड्यांमुळे नव्हे, खालच्या दोन छायाचित्रांमुळे. तेव्हा पुरावा म्हणून त्यांची किंमत किती, हेही पाहू. प्रकाश वरून पाडला, अंगाला तेल लावले, श्वास रोखून स्नायू ताणले, तर एकाच दिवशी एकाच माणसाची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे निघू शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या माणसाने आणखी काय घेतले होते, हे छायाचित्र सांगत नाही.

शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे उपयोगी पडेल. ४३ पुरुषांचे चार गट करून त्यांना दहा आठवडे टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची मोठी मात्रा किंवा निव्वळ खोटे इंजेक्शन दिले. प्रत्येकात निम्म्यांनी व्यायाम केला, निम्म्यांनी केला नाही. खोटे इंजेक्शन घेऊन व्यायाम करणाऱ्यांचे चरबीरहित वजन सुमारे २ किलोंनी वाढले. संप्रेरक घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचे मात्र ३ किलोंहून अधिक वाढले! दोन्ही करणाऱ्यांचे ६ किलोंनी वाढले. म्हणजे छायाचित्रातल्या माणसाने असे इंजेक्शन घेतले असेल, तर खालचे शरीर हा वरच्या तक्त्याचा पुरावा ठरतच नाही. अशी द्रव्ये खेळांत निषिद्ध आहेत आणि ती वैद्यकीय देखरेखीवाचून घेणे हृदयाला, यकृताला आणि प्रजननसंस्थेला घातक ठरू शकते. वाढत्या वयात घेतल्यास हाडांची वाढही वेळेआधी थांबू शकते.

तक्ता कोणासाठी लिहिला?

प्रत्येक लेखनामागे एक वाचक गृहीत धरलेला असतो. या तक्त्याचा गृहीत वाचक दिवसभर खुर्चीत बसणारा, पोटभर खाऊन काही किलो जादा झालेला, ओट, ब्रोकोली आणि कोंबडीच्या छातीचे मांस रोज विकत घेऊ शकणारा प्रौढ आहे. तो तक्ता जेव्हा शहापूर-मुरबाडच्या मुलाच्या हाती पडतो, तेव्हा काय होते?

समजा, मुलगा १७ वर्षांचा आहे, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ४८ किलो. पावसाळ्यात घरच्या शेतावर आवणीला वाकतो, दिवाळीच्या सुमारास भाताच्या कापणी-झोडणीला उभा राहतो. त्याच्या अंगावर जादा चरबी नाही. उंचीच्या मानाने वजनच कमी आहे. याच तालुक्यांतून कातकरी कुटुंबे दरवर्षी वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. तेथून शाळेत परतलेल्या मुलाची गोष्ट तर विचारायलाच नको. अशा मुलासाठी ‘किती आठवडे आहार कमी करू?’ या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शून्य हे आहे. त्याला कमी खायचे नाही, पुरेसे खायचे आहे.

यात भर म्हणजे अनेक मुले पोलीस भरतीचीही तयारी करत असतात. महाराष्ट्रात पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते, शिवाय १६०० मीटर धावावे लागते. उपासमारीने पोटाच्या चिरा दिसतील, पण धावण्याचा दम जाईल.

प्रथिनांचे म्हणाल, तर त्यासाठी परदेशी नावांची गरज नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. वजने उचलणाऱ्याला याहून बरीच अधिक लागतात. १०० ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम, शेंगदाण्यात २५ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, आणि १०० ग्रॅम सुक्या बोंबलात तर ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. जेमतेम ४ फूट ११ इंच उंचीचे बंगालचे मनोहर आइच १९५२ साली ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाले. ते १०४ वर्षे जगले. भात, डाळ, मासे, भाज्या आणि दूध हा आपला आहार असल्याचे ते सांगत. भात खाणाऱ्याला शरीर घडवता येत नाही, ही समजूत मोडायला एवढे उदाहरण पुरे.

शेवटचा आठवडा आणि त्यानंतरचे

तक्त्यातला सर्वांत धोकादायक रकाना शेवटचा. ‘मीठ बंद, पाणी बंद.’ कल्पना अशी, की त्वचेखालचे पाणी जाऊन स्नायू उठून दिसतील. पण स्नायूत स्वतः सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते. पाणी फक्त त्वचेखालूनच जावे, अशी आज्ञा शरीराला देता येत नाही. स्नायूही सुकतात, रक्ताचे आकारमान घटते आणि क्षारांचा तोल बिघडून हृदयाची लय चुकू शकते. मोहम्मद बेनाझिझा हा नामांकित व्यावसायिक स्पर्धक ऑक्टोबर १९९२ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांतच मरण पावला. लघवी वाढवणाऱ्या औषधांशी त्या मृत्यूचा संबंध जोडला गेला.

आणि तक्ता स्पर्धेच्या दिवशी संपतो. शरीर मात्र दुसऱ्या दिवशीही असतेच! अमेरिकेतील रॉसो आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली एका स्पर्धकाची वर्षभराची नोंद प्रसिद्ध केली. त्याने कोणतीही निषिद्ध द्रव्ये न घेता सहा महिने तयारी केली. चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली. त्याच काळात विश्रांतीतील नाडीचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ वर आले, टेस्टोस्टेरॉन चौथाईवर आले आणि ताकद घटली. पुढच्या सहा महिन्यांत बरेचसे पूर्ववत झाले, पण ताकद पूर्णपणे परतली नव्हती. हा जाणता, देखरेखीखालचा प्रौढ माणूस होता आणि त्याने घाई केली नव्हती. तरी एवढी किंमत पडली. म्हणून ‘किती दिवस?’ या हिशेबात स्पर्धेनंतरचे महिनेही धरले पाहिजेत.

वर्गात काय करता येईल?

हा तक्ता फाडून टाका असे आम्ही म्हणणार नाही. बंदी घातलेली गोष्ट मुले अधिक आवडीने वाचतात. तो वर्गात आणावा आणि अपुऱ्या माहितीचे उदाहरण म्हणून फळ्यावर मांडावा. वर दिलेले दोन तरुणांचे गणित आठवी-नववीची मुलेही शेकडेवारीने सोडवू शकतील. कनिष्ठ महाविद्यालयातील मुलांना भसीन यांच्या चार गटांचा तक्ता करायला सांगावा आणि खोटे इंजेक्शन का दिले, हे विचारावे. आपल्या घरी रोज शिजणाऱ्या भाताचा, डाळीचा आणि सुकटीचा हिशेब मुलांना स्वतः करू द्यावा. मात्र वर्गात कोणाही मुलाचे वजन किंवा शरीर चर्चेला घेऊ नये. आकडे काल्पनिकच असावेत.

ज्या प्रौढ तरुणाला खरोखरच स्पर्धेत उतरायचे आहे, त्याला एवढेच सांगावे: आधी काही वर्षे पोटभर खाऊन व्यायाम कर, मग आपली चरबी मोजून घे, मग भागाकार कर. येणारा काळ दहा आठवड्यांचा असेल किंवा सहा महिन्यांचा, पण तो तुझा स्वतःचा असेल. आणि अजून वाढीच्या वयात असलेल्या विद्यार्थ्याने हा भागाकार करायलाच घेऊ नये. त्याची वाढ अजून पुरी व्हायची आहे आणि तिला कोणत्याही स्पर्धेची तारीख लागू होत नाही.