चारचा पाढा आणि कार्ब्युरेटरचे जेट

जुन्या शर्यतीच्या मोटारींवर इटलीतल्या वेबर कंपनीचे ‘डीसीओई’ कार्ब्युरेटर हमखास दिसतात. ते इंजिनाशी जुळवून घेण्याविषयीच्या हस्तपुस्तकांत एक सूत्र पुन्हा पुन्हा भेटते. चोकचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला चारने गुणा. तो झाला मेन जेटचा क्रमांक. त्यात ५० मिळवा. तो एअर करेक्टर जेटचा. म्हणजे चोक ३६ असेल तर मेन जेट १४४, बाजारातले जवळचे १४५. येथे चोक म्हणजे सकाळी गाडी सुरू करताना ओढायचे बटण नव्हे, तर हवेच्या वाटेतला अरुंद गळा. जेटचा क्रमांक म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत.

सूत्र सोपे आहे आणि कामाचेही आहे. तक्रार आहे ती मांडणीबद्दल. यातले भौतिकशास्त्र किती आणि अनुभव किती, हे वेगळे करून सांगितले जात नाही. मग वाचक सगळेच सारख्या श्रद्धेने पाठ करतो. आपल्या वर्गातही सूत्रांचे असेच होते, म्हणून हे जरा सोडवून पाहू.

गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि फ्लोट चेंबरमधले पेट्रोल जेटमधून वर ढकलले जाते. हवा किती जाईल हे गळ्याच्या क्षेत्रफळावर ठरते, पेट्रोल किती जाईल हे जेटच्या क्षेत्रफळावर. दोन्ही क्षेत्रफळे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. तेव्हा मिश्रण तेच ठेवायचे, तर गळा ज्या पटीत मोठा केला त्याच पटीत जेटचा व्यास वाढवायला हवा. म्हणजे ‘गुणा’ हा शब्द भौतिकशास्त्राचा आहे.

आता ‘चार’ पाहू. ३६ मिलिमीटरला १.४४ मिलिमीटर, म्हणजे व्यासांचे गुणोत्तर २५ आणि क्षेत्रफळांचे ६२५. दाबातला फरक सारखा धरला, तर वस्तुमानाच्या प्रवाहासाठी याला घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणायचे. हवा १.२, पेट्रोल सुमारे ७४० किलोग्रॅम प्रति घनमीटर. वर्गमूळ सुमारे ०.०४. उत्तर येते एका भाग पेट्रोलला २५ भाग हवा. पूर्ण ज्वलनाला सुमारे १४.७ भाग हवा लागते आणि जास्तीत जास्त शक्ती १२.५ ते १३ च्या आसपास मिळते. २५ ला असे इंजिन धड चालणारही नाही!

मग सूत्र चालते कसे? कारण पेट्रोल मुख्य गळ्यात सोडलेलेच नसते. त्याच्या आत एक छोटा सहायक गळा असतो आणि त्यातला दाब आणखी खाली जातो. पेट्रोल दुप्पट हवे तर दाबातला फरक चौपट हवा. त्यातला मोठा वाटा हा छोटा गळा उचलतो. शिवाय इंजिन हवा सलग नव्हे, धक्क्याधक्क्याने ओढते. या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे ‘चार’. तो अनुभवाचा आकडा आहे, आणि त्याच जातीच्या कार्ब्युरेटरपुरता. दुसऱ्या रचनेला तो लावणे चूक.

‘अधिक ५०’ तर निव्वळ अनुभव. नुसत्या जेटवर हवेचा प्रवाह वाढेल तसे मिश्रण दाट होत जाते. एअर करेक्टर पेट्रोलमध्ये थोडी हवा मिसळून ती वाढ रोखतो. किती रोखायची हे इंजिनच सांगते.

सूत्रात हवेची घनताही नाही. अमेरिकेतल्या पाइक्स पीक या डोंगरी शर्यतीत मोटारी सुमारे २,८६० मीटरवरून निघून ४,३०० मीटरवर पोचतात. प्रमाण वातावरण धरले तर एवढ्या चढात घनता सुमारे १४ टक्क्यांनी घटते. मिश्रण वर्गमुळाच्या नियमाने सुमारे ७ टक्के दाट होते. पायथ्याशी १४५ चे जेट बरोबर असेल, तर माथ्यावर १४० हवे. एकच जेट दोन्हीकडे बरोबर असू शकत नाही.

ही चर्चा केवळ हिशेबाची नाही. पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण विरळ राहिले, तर इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनला भोकही पडू शकते. उलट, ‘मोठे जेट म्हणजे जास्त ताकद’ ही समजूतही खोटी. ताकद हवेच्या प्रमाणात मिळते; जेटने फक्त तिला जोडीदार द्यायचा. म्हणून जाणता मेकॅनिक सूत्राने येणाऱ्या जेटपेक्षा थोडे मोठे जेट घालून सुरुवात करतो, प्लगचा रंग बघतो किंवा आता धुराड्यातल्या ऑक्सिजन संवेदकाचे वाचन घेतो आणि एकेक पायरी खाली येतो.

आपल्याकडे २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांत कार्ब्युरेटरची जागा इंधन-फवारणीने घेतली. पण गॅरेजात जुना कार्ब्युरेटर सहज मिळेल. तो वर्गात उघडा, गळा आणि जेट मुलांना मोजू द्या आणि वरचा हिशेब करायला लावा. उत्तर चुकीचे येईल. ते का चुकले, हा प्रश्न बर्नुलीच्या व्याख्येपेक्षा जास्त शिकवून जाईल.