शाक्य संघाची शपथ आणि सदसद्विवेक

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथाचे वाचन वर्षावासात विहारोविहारी होते. त्यातील रोहिणीच्या पाण्याचा प्रसंग मुदखेड परिसरातील उपासकांना परिचित आहेच. त्याचा एक सोपा अर्थ लावला जातो : सिद्धार्थाने विवेकाला स्मरून शपथ मोडली, सबब मनाला न पटणारा कोणताही कायदा मोडावा. हा अर्थ ग्रंथाला धरून नाही, असे आमचे मत आहे.

सेनापती शपथेची आठवण देतो, तेव्हा सिद्धार्थ ती नाकारीत नाही. शपथ शाक्यांच्या हितरक्षणाची आहे आणि कोलियांशी युद्ध त्या हिताचे नाही, असे तो भरसभेत सांगतो. बहुमत विरुद्ध जाते. पुढे वीस ते पन्नास वर्षांच्या पुरुषांना सैन्यभरतीची सक्ती होते, तेव्हा तो उघड नकार देतो. शिक्षा मात्र चुकवीत नाही. संघ कुटुंबावर बहिष्कार घालील, जमीन जप्त करील, हे उमगताच परिव्रज्या पत्करून तो दंड स्वतःवर घेतो. १९७८ च्या नामांतर ठरावानंतर नांदेड जिल्ह्यातील ज्या वस्त्यांनी जाळपोळ सोसली, त्यांना या तपशिलाचे मोल सांगावयास नको.

ग्रंथकर्त्याचे आचरणही याच कसोटीचे आहे. महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु चवदार तळ्याबाबत न्यायालयाचा मनाई हुकूम असल्याने, सत्याग्रही सिद्ध असतानाही, बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. धर्माच्या नावाने लादलेली आज्ञा आणि ज्याविरुद्ध दाद मागता येते तो कायदा, हा भेद येथे स्पष्ट दिसतो. संवैधानिक मार्ग खुले असता सत्याग्रह सोडावा, हे २५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे प्रतिपादनही याच भूमिकेतून आले आहे.

ग्रंथातील एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. यशोधरा ज्या धैर्याने संमती देते, त्याची पुढील किंमत कथानक फारशी तपासत नाही. विवेकाचा दंड एकट्याने घ्यावा म्हटले, तरी घरातील स्त्रीच्या वाट्याला त्याचा अंश येतोच.

म्हणून विवेकाची हाक देणाऱ्यास आम्ही तीन प्रश्न विचारू : आपण सभेत बोललात काय? नकार उघड दिलात काय? आणि त्याचा दंड कोण भोगणार? तिसऱ्याचे उत्तर ‘दुसरा’ असे असेल, तर तो विवेक नव्हे, स्वैराचार होय.