पंचाण्णव टक्के, पण कशाचे?

हिंगण्याच्या एका शाळेतले क्रीडाशिक्षक मध्यंतरी आमच्याकडे आले होते. त्यांच्या कबड्डी संघातल्या, अकरावीत शिकणाऱ्या मुलीचा गुडघा चढाई करताना पिळवटला. आतून ‘खट्’ असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा टम्म सुजला. एम.आर.आय. तपासणीत गुडघ्यातला एक अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, तुटल्याचे दिसले. मुलीचे वडील औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत. शस्त्रक्रियेत पंचाण्णव टक्के यश येते असे कोणीतरी सांगितल्यामुळे घरचे लोक कर्ज काढायला तयार होते. गुरुजींनी विचारले, “सर, हा आकडा खरा आहे का?”

आम्ही अस्थिरोगतज्ज्ञ नाही. पण आकडा कुठून आला, तो कशाचे मोजमाप आहे हे तपासणे हे कोणत्याही विज्ञान संशोधकाचे रोजचे काम असते. म्हणून आम्ही या विषयावरचे काही महत्त्वाचे शोधनिबंध वाचून काढले.

प्रथम गुडघ्याची रचना पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्या सांध्यात, अगदी मध्यभागी, दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदतात. त्यांतला पुढचा बंध, ज्याला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि पाय वळवताना गुडघ्याला पीळ बसू देत नाही. धावता धावता एकदम थांबणे, दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर उतरणे या क्रियांत त्याच्यावर मोठा ताण येतो. म्हणूनच तो बहुधा दुसऱ्याच्या धक्क्याशिवायच तुटतो. सांध्यातल्या द्रवात भिजत असल्यामुळे तुटलेली टोके सहजासहजी जुळत नाहीत. म्हणून दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करतात. रुग्णाच्याच मांडीच्या मागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा काढून ती हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवतात. ही कंडरा लगेच अस्थिबंधाचे काम करू लागत नाही. तिच्यातल्या पेशी आधी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी येतात. हे काम कित्येक महिने चालते.

आता ‘यश’ म्हणजे काय ते पाहू. टेबलावर झोपवून नडगी पुढे ओढली आणि ती सरकली नाही, तर शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी झाली. या मोजपट्टीवर आकडे खरोखरच चांगले येतात. पण आपल्या खेळाडू मुलीची मोजपट्टी वेगळी आहे. तिला मैदानात परतायचे आहे. २०१४ साली अनेक देशांतल्या ६९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात साडेसात हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांतले ८१ टक्के कोणत्या ना कोणत्या खेळाकडे वळले, ६५ टक्के दुखापतीपूर्वीच्या पातळीवर परतले आणि स्पर्धात्मक खेळात परतले ते फक्त ५५ टक्के. एकाच शस्त्रक्रियेचे हे तीन आकडे आहेत. कोणता सांगायचा हे सांगणाऱ्यावर अवलंबून असते!

चौथी मोजपट्टी पुन्हा तुटण्याची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका विश्लेषणात, पंचविशीच्या आत असलेल्या आणि खेळात परतलेल्या रुग्णांपैकी सुमारे २३ टक्क्यांना अस्थिबंध तुटण्याची दुखापत दुसऱ्यांदा झाली. कधी त्याच गुडघ्याला, कधी दुसऱ्या. पाचवी मोजपट्टी काळाची. स्वीडनमधल्या महिला फुटबॉलपटूंना दुखापतीनंतर बारा वर्षांनी तपासले, तेव्हा निम्म्या जणींच्या गुडघ्यात क्ष-किरण चित्रावर झीज दिसली. त्यांचे सरासरी वय होते अवघे ३१. शस्त्रक्रियेमुळे ही झीज खात्रीने टळते, असे आजवर सिद्ध झालेले नाही.

मग शस्त्रक्रिया न करता काय होते? इथे साधी तुलना फसवी असते, कारण शस्त्रक्रिया निवडणारे आणि न निवडणारे मुळातच वेगळे असतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडले तरच तुलना न्याय्य होते. हे काम स्वीडनमधील संशोधकांनी केले आणि २०१० साली प्रसिद्ध केले. नुकतीच दुखापत झालेल्या १२१ तरुणांपैकी ६२ जणांची लगेच शस्त्रक्रिया केली. उरलेल्या ५९ जणांना आधी शिस्तबद्ध व्यायामोपचार दिले आणि गरज वाटली तरच पुढे शस्त्रक्रिया, असे ठरवले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुणांकात १०० पैकी सुमारे ३९ गुणांची सारखीच वाढ होती. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी ३६ जणांना तोवर ही शस्त्रक्रिया करावीच लागली नव्हती. याच अभ्यासाच्या २०२३ सालच्या पुनर्तपासणीत आणखी एक नवल दिसले. केवळ व्यायामावर राहिलेल्या ३० जणांपैकी १६ जणांच्या एम.आर.आय. चित्रात तुटलेला बंध भरून येत असल्याची चिन्हे होती.

हा अभ्यास आम्हाला मोलाचा वाटतो, पण त्याचे दोष झाकता येणार नाहीत. पाच वर्षांत दुसऱ्या गटातल्याही निम्म्या लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे ‘शस्त्रक्रिया निरुपयोगी’ असा अर्थ काढणे चूक आहे. त्यात व्यावसायिक खेळाडू घेतलेले नव्हते. शिवाय सरासरी सारखी आली म्हणून प्रत्येकाचे सारखे झाले असे होत नाही. वर्गात दोन तुकड्यांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

२०२२ साली ब्रिटनमधून उलट निष्कर्ष आला. तिथले ३१६ रुग्ण ताज्या दुखापतीचे नव्हते. त्यांचा गुडघा बरेच दिवस डळमळत होता. दीड वर्षाने शस्त्रक्रिया गटाचा गुणांक ७३ आणि व्यायाम गटाचा सुमारे ६५ निघाला. दोन अभ्यास परस्परविरोधी आहेत असे वरवर वाटते, पण त्यांचे प्रश्नच वेगळे होते. ताज्या दुखापतीत थांबून पाहता येते. थांबूनही गुडघा दगा देत राहिला, तर शस्त्रक्रियेचा फायदा होतो. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

आमचा खरा आक्षेप गुणांकावर आहे. दोन्ही अभ्यासांत वेदना, लक्षणे, खेळ आणि जीवनमान या चार विभागांची सरासरी घेतली. मूळ प्रश्नावलीत पाचवा विभाग आहे दैनंदिन कामांचा. तरुण रुग्णांना त्यात फारशी अडचण येत नाही म्हणून तो सरासरीतून वगळला. त्या विभागातही जिना, मोटारीत चढणे-उतरणे, मोजे घालणे असे प्रश्न आहेत. मांडी घालून पंगतीत बसता येते का, निंदणीला दिवसभर उकिडवे बसता येते का, हे त्यात कुठेच नाही. यशाची मोजपट्टी स्वीडनची आणि गुडघा हिंगण्याचा! आपल्या लोकांसाठी आपले प्रश्न जोडलेली मोजपट्टी हवी.

वर्तमानपत्रे वेगळाच गोंधळ घालतात. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिच्या गुडघ्यावर २०१७ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली. २०१८ च्या जुलैमध्ये तिने तुर्कस्तानात सुवर्णपदक मिळवले. बातमी खरी आहे आणि तिच्या जिद्दीला तोड नाही. पण पुढच्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत गुडघ्याने तिला पुन्हा त्रास दिला, हे किती जणांच्या लक्षात राहिले? आणि जे खेळाडू परतलेच नाहीत, त्यांची तर बातमीच होत नाही. गुडघा दुखावलेली मुलगी पेपरात फक्त परतलेल्यांनाच पाहते.

एका गोष्टीवर मात्र पुरावा बऱ्यापैकी एका दिशेचा आहे, आणि ती म्हणजे घाई न करणे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत, खेळात परतणे जितके लांबवले तितका पुन्हा दुखापतीचा धोका घटला. दर महिन्याला सुमारे निम्म्याने. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या यांच्या चाचण्या उत्तीर्ण होऊन परतलेल्यांत ५.६ टक्के जणांना, तर अनुत्तीर्ण असताना परतलेल्यांत ३८ टक्के जणांना दुखापत झाली. अभ्यास लहान होता. ५.६ टक्के म्हणजे १८ जणांपैकी एक. तेव्हा आकडा जपून वापरावा, पण दिशा स्पष्ट आहे.

गुरुजींना आम्ही एवढेच सांगितले, की डॉक्टरांना टक्का विचारू नका, पाच प्रश्न विचारा. गादीला, म्हणजे मेनिस्कसला, इजा आहे का? काही महिने व्यायामोपचार करून पाहण्यात धोका आहे का? शस्त्रक्रियेनंतर नऊ-दहा महिने रोजचा व्यायाम कोण करून घेणार? मैदानावर परतण्यापूर्वी कोणत्या चाचण्या घेणार? आणि गुडघा पुन्हा दुखावला तर पुढे काय? कर्ज काढताना शस्त्रक्रियेचाच नव्हे, तर त्यानंतरच्या व्यायामोपचाराचा आणि जाण्यायेण्याचाही खर्च धरा, हेही बजावले. बंध शिवून घरी आलेली आणि व्यायाम सोडून दिलेली मुलगी कोणत्याही मोजपट्टीवर यशस्वी ठरत नाही.

मुलीच्या गादीला इजा नव्हती. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिने व्यायाम करून मग ठरवायचे, असे घरच्यांनी ठरवले. शेवटी शस्त्रक्रिया करावी लागेलही. तशी ती लागली तर आधीच्या व्यायामाने बळकट झालेला पाय तिच्या कामीच येईल.

क्रीडाशिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. हा बंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा काही पटींनी जास्त असतो. उडीवरून गुडघे वाकवून उतरणे, एका पायावर तोल साधणे, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद वाढवणे असे पंधरा-वीस मिनिटांचे व्यायाम सरावाआधी नियमित घेतले, तर या दुखापती सुमारे निम्म्याने कमी होतात, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. त्याला ना यंत्र लागते, ना कर्ज. गुरुजींनी ते आपल्या संघात सुरू केले आहेत आणि कोण कधी जखमी झाले याची वहीही ठेवायला घेतली आहे. वाचक शिक्षकांनीही अशी वही ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या, तर आपल्या मुलींविषयी बोलताना दुसऱ्यांचे आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत.