छायाचित्राचे उसने वय

छायाचित्रांवर लिहिण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारील तर उत्तर देणे कठीण आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. सवडीने कादंबऱ्या लिहितो. परंतु शिर्डीत राहणाऱ्या माणसाची चित्र आणि त्याचे वय या प्रश्नातून सुटका नाही. येथे दुकानोदुकानी साईबाबांच्या तसबिरी टांगलेल्या असतात, आणि त्यांच्या मुळाशी बाबांच्या हयातीत, म्हणजे १९१८ पूर्वी, टिपलेली मोजकी काळीपांढरी छायाचित्रे आहेत. समाधिमंदिरातली संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडविली आणि १९५४ साली ती बसविली गेली; तिलाही आधार काळ्यापांढऱ्या छायाचित्राचाच. जुना तपकिरी कागद दिसला की येथे येणारा माणूस आधी हात जोडतो आणि मग पाहतो.

हे सांगण्याचे कारण, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने काढलेली आपल्या जिल्ह्यातल्या वास्तूंची तीसेक इन्फ्रारेड छायाचित्रे. गेले वर्षभर ती माझ्या टेबलावर आहेत. काही उत्तम आहेत. काहींनी मला अस्वस्थ केले आहे.

इन्फ्रारेड म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाने अशा प्रकाशात घेतलेली निसर्गदृश्ये १९१० साली प्रसिद्ध केली. त्यांत झाडे हिम पडल्यासारखी पांढरी होती आणि आकाश काळे. या चमत्काराला अजून ‘वुड परिणाम’ म्हणतात. लाकडाशी त्याचा संबंध नाही, हे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी सांगून ठेवतो. पानातले हरितद्रव्य हा प्रकाश गिळत नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो उधळून परत पाठवितात. पाणी मात्र तो पिऊन टाकते आणि काजळासारखे दिसते.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात हा प्रकाश अडविणारी काच असते. ती काढून तिच्या जागी ७२० नॅनोमीटरच्या आसपासपासून पुढचाच प्रकाश सोडणारी काच बसविली की काम भागते. मात्र यंत्रातून निघते ते चित्र तांबूस आणि मरगळलेले असते. त्यातला रंग काढून टाकायचा, काळे आणि पांढरे आपापल्या जागी आणायचे, कॅमेरा वर रोखल्यामुळे मागे कलंडलेल्या भिंती उभ्या करायच्या, एवढे संपादन करावेच लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तांदूळ शिजविले म्हणून कोणी तांदळाशी बेइमानी केली असे आपण म्हणत नाही.

संग्रहातले सर्वांत चांगले चित्र रतनवाडीचे आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठचे अमृतेश्वराचे देऊळ आणि त्याजवळची पुष्करणी. श्रावणातले गवत, म्हणून सारी भुई पांढरी. त्या पांढऱ्यात काळ्या दगडाचे शिखर असे उठून आले आहे की त्यावरच्या नक्षीची ओळन् ओळ मोजून घ्यावी. डोळ्यांनी पाहताना हिरव्या डोंगरापुढे हा दगड थोडा बुडतो; येथे तो वर येतो. पुष्करणीत अडचण वेगळी आहे. पाणीही काळे आणि दगडही काळा, त्यामुळे कोनाड्यांची रांग पाण्यात विरून जाण्याचे भय होते. तेथे या मुलाने केवळ छायेच्या भागाला किंचित ऊब दिली आहे, पांढऱ्याला हात लावलेला नाही. दगड पाण्यापासून सुटा झाला. टोनिंग कशासाठी असते, असे कोणी विचारले तर मी हे चित्र पुढे करीन.

पण त्याच देवळाचे दुसरे चित्र पाहा. येथे सबंध चित्रावर सेपियाचा हात फिरला आहे. पांढरे गवत पिवळट झाले, आणि क्षणात श्रावणाचा वैशाख झाला! ज्या कुरणात पाय घोट्यापर्यंत बुडत होता, तेथे वाळलेला कडबा पसरल्यासारखे वाटते. इन्फ्रारेडने न दिसणारे खरे दाखविले होते. सेपियाने ते दिसणाऱ्या खोट्यात बदलले. शिवाय कडांना धूसर तेजाची झालर लावली आहे. कोडॅकच्या जुन्या इन्फ्रारेड फिल्मला मागे उलटणारा प्रकाश शोषून घेणारा लेप नव्हता, म्हणून उजळ जागांभोवती असे तेज सांडत असे. ती फिल्म २००७ साली बंद झाली. तिचा दोष आता संगणकावर हौसेने तयार करतात. झाडाला तो शोभेल. घडीव दगडाची धारच त्याने बोथट होते.

सेपियाची मूळ कथा तर उलटी आहे. डार्करूममध्ये कागदावरच्या चित्रातले चांदीचे कण आधी उडवीत आणि मग सडक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या गंधकाच्या द्रावणात कागद बुडवीत. चांदीचे रूपांतर सिल्व्हर सल्फाइडमध्ये होई, आणि ते हवेला सहजी बधत नसे. म्हणजे चित्र टिकावे, पुढच्या पिढीला दिसावे, यासाठी ही खटपट. तपकिरी छटा तिच्यामागून आली. आज संगणकावर बटन दाबून येणाऱ्या तपकिरीने चित्र एक दिवसही जास्त टिकत नाही. ते केवळ म्हातारे दिसते.

अन्यत्र हा रुचीचा प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. शिर्डीत तो सुटत नाही. या संग्रहात येथल्या खंडोबाच्या देवळाचे एक चित्र आहे. लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर आलेल्या बाबांना म्हाळसापतींनी ‘साई’ म्हणून पहिली हाक येथेच दिली, असे परंपरा सांगते. विद्यार्थ्याने चित्रातल्या विजेच्या तारा खोडल्या, उभी मोटारसायकल खोडली, पाटी खोडली, आणि मग सेपिया चढविला. हे चित्र चौकट करून एका दुकानात टांगले होते. मी तेथे उभा असताना नऊवारीतल्या एक वृद्ध बाई आल्या. त्यांनी काचेवर बोटे टेकवून कपाळाला लावली आणि विचारले, “बाबांच्या वेळचा हाय का रं हा फोटू?” दुकानदार पोरगा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. “घ्या आजी, चांगला आहे,” म्हणाला. बाईंनी कनवटीची पिशवी सोडली.

तारा खोडणे हा गुन्हा नव्हे. निव्वळ सेपिया हाही नव्हे. दोन्ही एकत्र आले की चित्र एका तारखेचा दावा करू लागते, आणि ती तारीख त्याची नसते. कादंबरीकार म्हणून मीही काळ बनवितो, पण माझ्या पुस्तकावर कादंबरी असे छापलेले असते. आजीबाईंच्या हातातल्या चौकटीवर काहीच छापलेले नव्हते.

नगरजवळच्या सलाबतखानाच्या कबरीचे चित्र याच मुलाने काढले आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. डोंगरमाथ्यावरची ती अष्टकोनी, तीन मजली इमारत, मागे काळेभोर आकाश, कमानीत एक पोरगा मोबाईलवर बोलत बसलेला. छटा नाही, झालर नाही. तो पोरगा का खोडला नाहीस, म्हणून मी विचारले. “त्याच्यामुळं कमान केवढी मोठी आहे ते कळतं, गुरुजी,” तो म्हणाला. उत्तर मला आवडले. मग खंडोबाच्या देवळाचा विषय काढला. चौकटीच्या खाली वर्ष छापायला तो लगेच तयार झाला. सेपिया उतरविण्याचे मात्र अजून कबूल करीत नाही. गिऱ्हाईक तपकिरीच मागते, म्हणतो.