लपलेलं, पण कुणापासून?

रविवारच्या सायकल राइडवर लिहिण्याचा एक साचा आता पक्का झालाय. वीस-पंचवीस किलोमीटर, मध्ये मिसळ, आणि 'शहरातलं लपलेलं रत्न' म्हणून एखाद्या देवळाचे किंवा हौदाचे आठ-दहा फोटो. स्थानिक इतिहासात विषय शोधणाऱ्यांना या नोंदी भुरळ घालतात. मलाही त्या वाचायला आवडतात. पण संशोधनाचं साधन म्हणून त्या वाचायच्या तर जरा कडक वाचायला हव्यात.

पुण्याचंच उदाहरण घ्या. सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती हा अशा राइडचा हमखास थांबा. मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती आणि दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा, त्याच्याजवळ बंदुका घेतलेले शिपाई. फोटोखाली बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: इंग्रजांनी बंगाल-आसाम गिळला, त्याचं हे प्रतीक.

आता तारखा मांडून बघा. देवळाचं काम १७५४ मध्ये सुरू झालं, मूर्तीची स्थापना १७७० ची. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे बंगालचा संदर्भ शक्य आहे. आसाम मात्र कंपनीकडे गेला तो १८२६ च्या यांदाबूच्या तहानंतर! अर्धं वाक्य तिथेच गळून पडलं. उरलेलं अर्धं खोटं ठरत नाही, पण 'शक्य आहे' आणि 'आहे' यांत जे अंतर आहे, तेवढंच तुमचं काम असतं. देऊळ बांधणारे भीमगिरजी गोसावी. त्या काळातले गोसावी नुसते बैरागी नव्हते. ते व्यापार करत, सावकारी करत, उत्तरेत दूरवर फिरत. बंगालमध्ये तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात संन्याशांच्या जथ्यांच्या कंपनीशी चकमकी झाल्या. मग प्रश्न असा होतो: पुण्यातल्या शिल्पात गेंडा आणि बंदूकवाले आले ते कुणाच्या डोळ्यांनी, कुठल्या वाटेने? हा प्रश्न पाच वर्षं पुरेल. प्रतीकाचं ते वाक्य पाच सेकंदही टिकत नाही.

दुसरी तक्रार 'लपलेलं' या शब्दाबद्दल. कुणापासून लपलेलं? त्या गल्लीत राहणाऱ्याला ते देऊळ रोजचं आहे. हा शब्द देवळाबद्दल काही सांगत नाही, सायकलवाला कुठून आला ते सांगतो. शिवाय तो आला रविवारी सकाळी सहाला. दुकानांची शटरं खाली, हातगाड्या नाहीत, हमाल नाहीत, गर्दी नाही. मग पोस्टमध्ये पेठ 'शांत, काळात थांबलेली' दिसते यात नवल काय? यालाच आपण पद्धतीच्या पेपरात नमुन्यातला कल म्हणतो. मंगळवारी दुपारी बारा वाजता त्याच गल्लीत सायकल हातात धरून चालून बघा, टीप वेगळी निघेल.

पण मग सायकल टाकायची का? अजिबात नाही. तिला एक गोष्ट कळते जी मोटारीला कळत नाही: चढ-उतार. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं गेलं. जमिनीखालून दगडी नळ, वाटेत हवा सुटायला उच्छ्वास, शेवटी पेठांमधले हौद. पंप नव्हता, सगळा भरवसा उतारावर. कात्रजहून शनिवारवाड्याकडे सायकलने या, पायांना तो भरवसा समजतो. उलट जाताना तर फारच समजतो! नकाशावर समोच्च रेषा वाचणं आणि मांड्यांनी वाचणं यात फरक आहे. गंमत अशी, की राइडच्या नोंदींमध्ये हौदांचे फोटो भरपूर सापडतात, उताराबद्दल मात्र ओळही नसते. जे फक्त सायकललाच मिळू शकतं, तेच लिहिलं जात नाही.

तर पुढच्या राइडला वहीत फोटोचा क्रमांक लिहा, पण शेजारी दोन रकाने आखा: 'कुणी सांगितलं' आणि 'कशावरून'. दुसरा रकाना बहुतेक रिकामा राहील. त्रिशुंडच्या देवळात शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. फारसी येणारं कुणी ओळखीत असेल तर त्यालाच सोबत न्या, मिसळ तुमच्याकडून.