विनोद आणि माजी विद्यार्थी

शाळेच्या अंकातला विनोद लग्नातल्या उखाण्यासारखा. नवरा-नवरी ओळखीची असतील तरच हसू येतं! शिकागोजवळच्या ओक पार्क हायस्कूलचं ‘ट्रपीझ’ हे साप्ताहिकच घ्या. १९१६-१७ मध्ये त्यात एक पोरगा रिंग लार्डनर या वर्तमानपत्री विनोदकाराची नक्कल करी. मुद्दाम अशुद्ध लिहायचं, मित्रांची टिंगल करायची. मित्र लोटपोट झाले असतील. आपण जांभई आवरतो. पोराचं नाव अर्नेस्ट हेमिंग्वे. असेना का! नावाकडे बघून वन्समोअर देण्याची पद्धत निदान आमच्याकडे नाही.

१९१७ च्या जूनमध्ये, निरोपाच्या वेळी, वर्गाचं गमतीदार भविष्य वर्तवण्याचं कामही त्याच्याकडेच आलं. अमेरिका एप्रिलमध्येच युद्धात उतरली होती. ८ जुलै १९१८ ला आमचे ज्योतिषीबुवा इटलीत जखमी झाले. मार्च १९१९ मध्ये ते त्याच शाळेत युद्धाच्या हकिकती सांगायला आले, आणि ‘ट्रपीझ’नं त्याची बातमी छापली. दोन वर्षांत विनोदकाराचा माजी विद्यार्थी झाला!

म्हणून म्हणतो, असा जुना अंक हाती आला तर माजी विद्यार्थ्यांचं पान आधी उघडा. विनोद वर्गाबरोबरच पास होऊन निघून जातो. कोण परत आलं आणि कसं, ते हे पान सांगतं.